नववी जोडी

मी एक जुना पेन आहे. पण माझ्यात शाईचा थेंबही नाही आणि कधी नव्हताही. मला कागदावर हवं तेवढं घासा, एक रेघ उमटायची नाही. म्हणून मला बिनकामाचा समजू नका, मित्रांनो. जे कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही ते मी काढलं आहे. तुमच्या एका केसाच्या जाडीत दोन-तीनशे मावतील इतक्या बारीक गोष्टी मी भिंतीएवढ्या करून दाखवल्या आहेत. खिसे खराब करणाऱ्या पेनांमध्ये माझी गणती करू नये, एवढंच माझं म्हणणं. ही बढाई वाटत असेल तर वाटू दे. आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटांत राहिलेल्याने म्हातारपणी थोडी बढाई मारली तर बिघडलं कुठे?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या माझी परीक्षा घेतली गेली. एका यंत्राने मला आधी अगदी हलकं दाबलं, मग जोरात दाबलं आणि मला त्यातला फरक कळतो का, ते पाहिलं. मला कळला. माझ्या शेजारच्याला कळला नाही, त्याला टोपलीत टाकलं. तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी धरून आहे. नुसतं टोक असून भागत नाही. धरणाऱ्या हाताने किती जोर लावला आहे, हे टोकाला समजलं पाहिजे.

माझ्याबरोबर खोक्यात एक काळी पाटी होती. मी तिच्यावर फिरायचं, तिने ते कॉम्प्युटरला सांगायचं आणि चित्र समोरच्या पडद्यावर उमटायचं, असा आमचा संसार. ती पाटी फक्त मलाच ओळखे. दुसरा कुठलाही पेन तिच्यावर फिरवला तरी ती ढिम्म.

आम्ही आलो ते एका मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या अगदी टोकाच्या खोलीत. दारावर ‘चित्र विभाग’ अशी पाटी होती, पण विभाग म्हणजे एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि एक खुर्ची. त्या खुर्चीचं एक चाक अडकलेलं असायचं, त्यामुळे बसणारी व्यक्ती कायम जराशी डावीकडे कललेली. ही व्यक्ती म्हणजे ताई. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईचा आणि माझा पहिला आठवडा काही बरा गेला नाही. तिचा हात ब्रशला आणि शाईला सरावलेला. मला धरून ती म्हणाली, हे तर चमच्याने लिहिल्यासारखं वाटतंय. रेघ पडद्यावर, हात टेबलावर, बघायचं कुठे? ती सारखी हाताकडे बघे आणि पडद्यावर रेघ भलतीकडेच जाई. तिसऱ्या दिवशी तिने मला कपाटावर ठेवून दिलं. चौथ्या दिवशी मात्र उतरवलं, आणि त्यानंतर बारा वर्षं मी तिच्या बोटांतून सुटलो तो फक्त जेवणाच्या सुट्टीत.

शेजारची खोली प्रयोगशाळेची होती. तिथे भिंगवाले सर बसत. त्यांच्याकडे वस्तू लाखपट मोठी करून दाखवणारं खोलीभर यंत्र होतं, तरी गळ्यात दोऱ्याने एक साधं भिंग लोंबकळत असायचं, म्हणून हे नाव. सर त्या यंत्रातून काढलेले फोटो घेऊन येत. फोटो काळे-पांढरे, दाणेदार, ओल आलेल्या भिंतीसारखे. त्यात काय आहे हे सरांना दिसे, हळूहळू ताईला दिसू लागलं, आणि बाकीच्यांना दिसावं म्हणून मी होतो. रंग आम्ही द्यायचे. एवढ्या बारीक जगात रंग नसतातच मुळी. सर दर वेळी बजावत की, सुंदर नको, खरं पाहिजे. ताई म्हणे, सुंदर नसेल तर खरं दिसेपर्यंत थांबेल कोण? हा वाद बारा वर्षं चालला आणि त्या वादातूनच आमची चांगली चित्रं निघाली.

मूत्रपिंडातली गाळणी मी काढली. जिभेवरच्या चवीच्या कळ्या काढल्या. आतड्याच्या आतली मखमल काढली, तिचा एकेक धागा वेगळा. ती चित्रं पुस्तकांत गेली, वर्गांच्या भिंतींवर गेली. जिन्यात बसून अभ्यास करणारी मुलं माझ्या चित्रांवर बोट ठेवून एकमेकांना प्रश्न विचारत, ते मला खोलीतून ऐकू यायचं. पाहुणे मात्र यायचे आणि म्हणायचे, कॉम्प्युटर किती छान काढतो हो. ताईचं यावर एक ठरलेलं उत्तर होतं.

“हो ना. आणि कपडे कात्रीच शिवते.”

आता मी तुम्हाला माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. बढाई मारणाऱ्याने तेवढं तरी करावं.

एका सकाळी सर एका बाईंना आणि त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या खोलीत आले. बाई ग्रंथालयात कामाला होत्या. त्यामुळे इथेही त्यांचा आवाज वर चढत नव्हता. मुलीचा श्वास मात्र दारातूनच ऐकू आला. आत जाताना बारीक शीळ, बाहेर येताना घरघर. तिच्या आजीने लाडाने तिचं नाव पिपाणी ठेवलं होतं. पिपाणी खुर्चीच्या अडकलेल्या चाकाशी खेळत बसली. आई बोलत होती आमच्याशी, पण तिचे डोळे मुलीच्या छातीवर होते. ती वर होते, खाली होते, किती वेळा, मध्ये थांबली का, हे ती मोजत होती. मोजतेय हे तिला स्वतःलाही माहीत नसावं.

पिपाणीला काय झालं होतं, ते सांगतो. आपण श्वास घेतो त्या नळीला आतून अतिशय बारीक लव असते. ती लव एका लयीत हलते आणि आत आलेली धूळ, कफ, सगळं वरवर ढकलत घशाकडे आणते. रात्रंदिवस चालणारी झाडलोटच म्हणा ना. पिपाणीची लव जन्मापासून हलतच नव्हती. सरांनी ते यंत्रातून पाहून शोधलं होतं. लवेचा एक केस आडवा कापून पाहिला तर आत नळ्यांच्या नऊ जोड्या गोलाकार उभ्या असतात आणि मध्ये दोन सुट्या नळ्या. प्रत्येक जोडीला दोन चिमुकले हात असतात. ते शेजारच्या जोडीला धरून ओढतात, म्हणून केस वाकतो, हलतो. पिपाणीच्या जोड्या नऊच्या नऊ होत्या, पण त्यांना हात नव्हते.

यावर उपाय एकच. लव जे काम करत नाही ते बाहेरून करायचं. रोज सकाळ-संध्याकाळ पिपाणीला उशीवर पालथं झोपवायचं आणि हाताची ओंजळ करून तिच्या पाठीवर थापट्या द्यायच्या, कफ सुटेपर्यंत. एकही वेळ चुकवायची नाही.

सकाळची पाळी आई करत होती. संध्याकाळी ग्रंथालय सातला बंद व्हायचं, म्हणून ती पाळी आजीची. आणि अडचण नेमकी तिथेच होती.

आईने सांगितलं की सासूबाईंचा नातीवर एवढा जीव आहे की त्यांच्याने तिच्या पाठीवर हात उचलवत नाही. आजारी पोरीला कुणी बडवतं का, असं त्या म्हणतात. थापट्यांऐवजी कोमट तेल लावून पाठीवरून हात फिरवतात. आणि त्यांच्या मते हे सगळं झालं कशाने, तर आईने लहानपणी तिचे केस ओले ठेवले म्हणून, गार पाणी दिलं म्हणून. संध्याकाळची पाळी अशी चुकत गेली आणि तीन महिन्यांत पोरीला दोनदा दाखल करावं लागलं.

“मला समजलंय, डॉक्टर,” आई हळूच म्हणाली. “मला घरी समजवायचंय. बोलून होत नाही. काहीतरी दाखवता येईल असं द्या.”

ताईने मला उचललं.

शेजारी शेजारी दोन वर्तुळं काढायची ठरली. डावीकडे निरोगी लव, उजवीकडे पिपाणीची. उजवीकडचं आधी काढलं. सरांनी दिलेला तिचा फोटो खाली ठेवून मी एकेक जोडी गिरवली, अगदी जशी होती तशी, थोडी वाकडी, थोडी दबलेली. नऊ. मग डावीकडचं. ते नमुन्याचं चित्र, नीटनेटकं हवं. ताईने एकच जोडी काढली, दोन्ही हातांसकट, आणि काय काढली म्हणून सांगू. तो हात असा वळला होता की आत्ता शेजारणीला धरेल. मग कॉम्प्युटरला सांगायचं की हिच्या गोलाकार नकला कर. किती नकला, यासाठी एक चौकट असते. त्या चौकटीत आकडा आधीच होता, आठ. आधीच्या आठवड्यात आम्ही पेशीच्या केंद्रकाची दारं काढली होती. ती दारं आठ पाकळ्यांच्या चक्रासारखी असतात. तोच आकडा तिथे राहून गेला होता. ताईचं लक्ष त्या हातावर होतं. तिने मला चौकटीच्या बाजूच्या ‘ठीक’वर टेकवलं.

टिचकी माझी होती, मित्रांनो. मला जोर कळतो, आकडा कळत नाही, असं म्हणून मी सुटू शकतो. पण मला सुटायचं नाही.

आठ जोड्या गोल उभ्या राहिल्या. नऊपेक्षा आठ दिसायला देखण्या. समोरासमोर, चौफेर सारख्या. सर आले. त्यांनी भिंग लावून हात तपासले, कारण मुद्दा हातांचा होता. प्रत्येक जोडीला दोन, दिशा बरोबर, लांबी बरोबर. ते इतके खूश झाले की सुंदर नको हे म्हणायचं विसरले. चित्र छापलं गेलं. एक प्रत आईने पुठ्ठ्यात घालून नेली. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या हातून याहून चांगलं काम व्हायचं नाही.

दहा-बारा दिवसांनी दार न वाजवता एक आजी आत आल्या. शिडशिडीत, चष्मा टोकाला, चालण्यात घाई. सर तेव्हा नवे फोटो दाखवायला आमच्याच खोलीत होते. आजींनी खुर्ची ओढली, ती डावीकडे कलली, त्यांनी तिच्याकडे एकदा रागाने पाहिलं आणि तशाच बसल्या. पिशवीतून आधी पाण्याची बाटली काढली, मग अर्धवट विणलेला रुमाल, मग क्रोशाची सुई आणि शेवटी आमचं चित्र. चार घड्या घातलेलं. मला ते बघवेना.

“मी फार शिकलेली नाही,” त्या ताईला म्हणाल्या, “पण चाळीस वर्षं टाके मोजत आलेय.”

त्यांनी सुईचं टोक एकेका जोडीवर ठेवत डावीकडचं वर्तुळ मोजलं. मग उजवीकडचं. मोठ्याने, घाई न करता.

“चांगल्या माणसाच्यात आठ. आमच्या पोरीच्यात नऊ. आता सांगा, तिच्यात कमी काय आहे? एक जास्तच आहे की. आणि तुम्ही तिला दोन वेळा बडवायला सांगता.”

दारात पिपाणीची आई उभी होती. सासूबाई निघाल्याचं कळताच ग्रंथालयातून धावत आली असावी; गळ्यात अजून कामाचं ओळखपत्र होतं. आजींचं मोजणं तिने ऐकलं आणि दाराची चौकट धरली. घरी दाखवायला जे एकच साधन तिने नेलं होतं, तेच तिच्यावर उलटलं होतं.

सरांनी भिंग उचललं. मोजलं. परत मोजलं. त्यांचे कान लाल झाले. मग ते समजावू लागले की मुद्दा जोड्यांचा नाहीच, मुद्दा हातांचा आहे, हात बघा.

“ज्यांना आठ आणि नऊ कळले नाहीत,” आजी म्हणाल्या, “त्यांचे हात मी का खरे मानू?”

ताईने मला टेबलावर ठेवलं. ती उभी राहिली. कॉम्प्युटरने घोळ केला, असं तिने म्हटलं असतं तर सगळ्यांना पटलं असतं. खरं सांगतो, तिने तसं म्हणावं असं मलाही क्षणभर वाटलं.

“आजी, चूक माझी आहे,” ताई म्हणाली. “नऊच जोड्या हव्यात. मी आठ काढल्या आणि मोजल्या नाहीत.”

आजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. बहुतेक त्या भांडायच्या तयारीने आल्या होत्या आणि समोरून भांडणच आलं नाही. ताईने तोवर पडद्यावरचं चित्र बंद केलं आणि यंत्रातून काढलेले दोन मूळ फोटो, डावीकडे निरोगी लवेचा आणि उजवीकडे पिपाणीचा, शेजारी शेजारी लावले, काळे-पांढरे, दाणेदार. माझं चित्र राहू द्या, ती म्हणाली, हे खरे फोटो आहेत, तुम्हीच मोजा.

आजी सुई घेऊन पडद्याकडे वळल्या. लोखंडी टोक काचेवर घासलं असतं. ताईने पटकन मला उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

“आजी, याने मोजा.”

मित्रांनो, इतकी वर्षं मी पाटीवर फिरलो, चित्र समोर पडद्यावर उमटलं, पण त्या पडद्याला मी कधी शिवलो नव्हतो. आजींच्या हातात मी पहिल्यांदा शिवलो. त्यांचा हात ताईच्या हातासारखा नव्हता. चिमटीत धरून, अगदी कमी जोरात, पण जराही न थरथरता. चाळीस वर्षं बारीक दोरा हाताळलेला हात. एक, दोन, तीन. डावीकडे नऊ. उजवीकडे नऊ.

“दोन्हीकडे सारखेच,” त्या पुटपुटल्या. सर काहीतरी सांगायला पुढे झाले, तर ताईने त्यांना नजरेनेच थांबवलं.

आजी पडद्याच्या अजून जवळ गेल्या. त्यांनी मला डावीकडच्या एका जोडीपाशी थांबवलं.

“हे बारीक काय आहे, कुसळासारखं?” त्यांनी पुढच्या जोडीवर पाहिलं, मग पुढच्या. “प्रत्येकाला आहे. दोन दोन.” मग उजवीकडे आल्या. पहिल्या जोडीवर बराच वेळ थांबल्या. दुसरीवर. नऊही जोड्यांवरून मला फिरवून झाल्यावर त्या परत पहिलीवर आल्या. मग मला टेबलावर ठेवून त्यांनी आपली क्रोशाची सुई हातात घेतली आणि तिच्या टोकाच्या वळलेल्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

“पोरीच्यात हा आकडाच नाही,” त्या म्हणाल्या. “सुईला आकडा नसेल तर ती दोरा ओढणार कशी?”

सरांनी वीस वर्षं वर्गात जे सांगितलं ते इतकं नेमकं कधी सांगितलं नव्हतं, हे त्यांनीच नंतर कबूल केलं. तेव्हा मात्र ते एवढंच म्हणाले की बरोबर आहे, आजी, तेवढंच आहे. ओढता येत नाही, म्हणून लव हलत नाही, म्हणून कफ वर येत नाही, म्हणून बाहेरून थापट्या.

आजींनी विणकाम पिशवीत भरायला घेतलं आणि मध्येच थांबल्या. दाराकडे न बघता त्यांनी सरांना विचारलं, “म्हणजे हे गार पाण्याने झालेलं नाही?”

“नाही. जन्मापासूनच असं आहे.”

“केस ओले राहिले म्हणूनही नाही?”

“कुणाच्याच कशाने नाही, आजी.”

उठता उठता आजींनी पाण्याची बाटली दाराकडे धरली आणि सुनेला म्हणाल्या, “पळत आलीस ना. दोन घोट पी आधी.” आईने ती बाटली दोन्ही हातांनी घेतली. मी पेन आहे, मला माणसांच्या घरातलं काय कळणार. पण हलका दाब आणि जोराचा दाब यातला फरक मला जन्मापासून कळतो, आणि त्या बाटलीवर बोटं किती घट्ट होती ते मी पाहिलं.

आजी लगेच गेल्या नाहीत. चित्र दुरुस्त होईपर्यंत हलणार नाही म्हणाल्या. या वेळी ताईने नकला केल्याच नाहीत. नऊच्या नऊ जोड्या माझ्याकडून हाताने काढून घेतल्या, अठरा हातांसकट. आजी शेजारी बसून विणत होत्या आणि मधूनमधून मान वर करून म्हणत, पाच झाले. हात काढताना त्यांनी सुचवलं की टोक जरा सुईसारखं वळवा, म्हणजे माझ्यासारखीला कळेल. ताईने सरांकडे पाहिलं. सरांनी भिंग लावून पाहिलं आणि ते म्हणाले, चुकीचं नाही. मग ताईने मोजलं, सरांनी मोजलं आणि शेवटी आजींनी मोजलं. चुकलेल्या प्रतींची पाठ कोरी होती. ती पिपाणीला चित्रं काढायला मिळाली.

पिपाणी बरी झाली, असं मी सांगणार नाही. तिला आकडे उगवले नाहीत. पण पुढच्या वर्षभरात तिला एकदाही दाखल करावं लागलं नाही. तपासणीला आली की तिची आई आमच्या खोलीत डोकावे. एकदा ती हसत सांगत होती, “आता सासूबाई मला हातच लावू देत नाहीत. म्हणतात, तुझी थाप नीट पडत नाही, सकाळचीही मीच करते.” आजी थापट्या मोजून द्यायच्या म्हणे, आणि मोजताना चुकलं तर पहिल्यापासून. बोलताना त्या आईचे डोळे आता आमच्याकडे असायचे, मुलीच्या छातीवर नाही. निदान बराच वेळ तरी नाही.

आमच्या खोलीत मात्र त्या दिवसापासून एक रीत पडली. कुठलंही चित्र छापायला जाण्याआधी, आमच्या धंद्यातलं काहीही कळत नाही अशा एका माणसाने ते माझ्या टोकाने मोजायचं. कधी पहारेकरी मोजे, कधी लिफ्ट चालवणाऱ्या मावशी, कधी बोळात ताटकळलेला एखादा रुग्ण. जे दिसेल ते मोजा, अर्थ लावू नका, एवढंच ताई सांगे. तुम्हाला सांगतो, पहारेकऱ्याने आमच्या दोन चुका पकडल्या आणि लिफ्टवाल्या मावशींनी तीन. त्यानंतर आमचं एकही चित्र चुकीचं छापलं गेलं नाही. खिशाला लावायच्या कुठल्या पेनाला हे सांगता येईल?

मग पाटी गेली. एका सकाळी ताईने मला तिच्यावर टेकवलं आणि तिने मला ओळखलंच नाही. तिचं आयुष्य संपलं होतं. नवी पाटी आली, पडद्यासारखीच चकाकणारी, तिचा नवा पेन तिच्याबरोबर आला. मी तिच्यावर कितीही फिरलो तरी ती ढिम्म. ताईने मला टाकलं नाही, पण खणात ठेवलं, रबरबँड, वाळलेला डिंक आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच माहीत नसलेली किल्ली, यांच्या संगतीत. खण उघडे, बंद होई. हात आत येई, तो दुसरंच काही घेऊन जाई. चार वर्षं. मोजायला आता कुणीही हाती येईल ती पेन्सिल घेई, आणि घाई असली तर मोजणंही राहून जाई, हे मी आतून ऐकत होतो. माझ्या उपेक्षेपेक्षा मला तेच जास्त लागलं.

मागच्या महिन्यात खण उघडला आणि उघडाच राहिला. वर एक उंच मुलगी वाकून बघत होती. श्वासात अजून ती बारीक शीळ होती. वार्षिक तपासणीला आली होती, आता स्वतःची स्वतः. ताई तिला नवं चित्र दाखवत होती. श्वासनलिकेच्या लवेचंच, नव्या पुस्तकासाठी. पिपाणीने विचारलं होतं, मोजलं का? ताईने नाही म्हणून मान हलवली होती. मग पिपाणी म्हणाली, “तो मोजायचा पेन कुठाय? आजी विचारते दर वेळी.”

मला रबरबँडमधून सोडवलं. पिपाणीने ओढणीच्या टोकाने पुसलं आणि चिमटीत धरलं. कमी जोरात, जराही न थरथरता. ही पकड मला माहीत होती.

आता मी टेबलावरच्या पेल्यात उभा असतो, नव्या पेनाच्या शेजारी. चित्र तो काढतो, मोजतो मी. तुम्हाला एक विनंती आहे, मित्रांनो. एखादी वस्तू तिचं पहिलं काम करेनाशी झाली की तिला लगेच खणात लोटू नका. तिला दुसरं काय जमतं ते एकदा बघा. आणि तुम्ही काहीही तयार कराल, चित्र, गणित, कुणाच्या औषधाची चिठ्ठी, कितीही सुंदर जमलं असलं तरी हातावेगळं करण्याआधी एकदा मोजा. ते कुणाच्या घरात जाऊन कुणाची बाजू मांडणार आहे, हे तुम्हाला माहीत नसतं.

त्या दिवशी पिपाणीने मोजायच्या आधी फोन लावून टेबलावर ठेवला. आजींना आता दिसत नाही. पण त्यांचा आवाज तसाच आहे, घाईचा. पिपाणीने मला पडद्यावर टेकवलं आणि एकेका जोडीवरून पुढे नेलं, मोठ्याने मोजत. शेवटच्या जोडीवर आम्ही थांबलो.

“किती?” फोनमधून आजींनी विचारलं.

“नऊ, आजी.”

“आकडे?”

“सगळ्यांना आहेत.”

“मग छापा म्हणावं,” आजी म्हणाल्या.

आणि ताईने छापायला दिलं.